वाडकर नावाचा जर्मन हाफ

तुबलीच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गॅरेजांची रांग होती, त्यात चौथं गॅरेज नझीरचं. तिथं शिवदास सासने डेंटर होता. ठोकरलेल्या गाडीचा पत्रा तो आतून हातानं चाचपायचा, नेमका कुठं दबलाय ते न बघताच सांगायचा, आणि मग लाकडी हातोड्यानं टकटक करत असा बाहेर काढायचा की रंगारी यायच्या आधीच गाडी धड दिसायला लागायची. चौऱ्याहत्तर साली तो कोल्हापुरातून बहरीनला आला, तेव्हा एजंटानं त्याच्या कागदावर ‘डेंटर’ एवढंच लिहिलं होतं. त्याच्या हातांत आणखी एक विद्या होती, ती कागदावर कुठंच नव्हती. शिवदास मालिशवाला होता. पेठेतल्या तालमीत वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्यानं पैलवानांची अंगं रगडली होती, आणि त्याच तालमीचा फुटबॉलचा संघ होता म्हणून खेळाडूंच्या पिंढऱ्या आणि घोटेही त्याच्याच हाताखालून गेले होते.

ही विद्या बहरीनमध्ये उघड झाली ती हाशिममुळे. हाशिमचं बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत कापडाचं दुकान होतं, आणि तो अल मौज या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी होता. शहात्तर साली त्याची गाडी मागून ठोकली गेली. गाडी नझीरकडे आली, आणि गाडीबरोबर मान वाकडी झालेला हाशिमही आला. शिवदासनं आधी त्याला स्टुलावर बसवलं, मग गाडीला हात लावला. आठवड्याभरात दोघंही सरळ झाले. त्यानंतर रोज संध्याकाळी गॅरेज सुटलं की शिवदास क्लबवर जायला लागला. तेलाच्या बाटल्या, पट्ट्या आणि एक लाकडी बाक एवढं त्याचं राज्य होतं. तिथं त्याला ‘उस्ताद’ म्हणायचे, आणि गॅरेजात दिवसभर ‘ए डेंटर’ ऐकणाऱ्या माणसाला ते आवडायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्याआधी क्लबनं जर्मनीहून एक खेळाडू आणला. योखेन वाइडनर. वय एकतीस, उंच, केस पिंगट आणि विरळ व्हायला लागलेले, जागा मधल्या फळीतली. कोल्हापुरात त्या जागेला हाफ म्हणतात. पुढच्यांना चेंडू पुरवायचा आणि मागच्यांची अब्रू राखायची, दोन्ही कामं त्याचीच. वाइडनर हे नाव शिवदासच्या जिभेवर बसेना. पहिल्या आठवड्यात त्याचं ‘वाडकर’ झालं आणि पुढं तेच राहिलं. जर्मनालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी तो बाकावर आडवा झाला. शिवदासनं डावा गुडघा दोन्ही तळव्यांत धरला, जरा वाकवला, आतल्या अंगानं अंगठा फिरवला.

“इथलं काहीतरी काढून टाकलंय,” तो आपल्या हिंदी-इंग्रजीच्या भेळीत म्हणाला.

“कुणी सांगितलं?” वाडकर उठून बसला. हाशिमलाही त्यानं ते सांगितलं नव्हतं.

“हातानं.”

जर्मन पुन्हा आडवा झाला. त्या हिवाळ्यात, रोज थोडं थोडं, त्यानं आपली सगळी कारकीर्द त्या बाकावर सांगून टाकली. बाप कोळशाच्या खाणीत. गाव काळं, मैदानही काळं. पंधराव्या वर्षी खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटरची उमेदवारी, एकोणिसाव्या वर्षी क्लबचा करार. पाच वर्षं खालच्या लीगमध्ये काढल्यावर वरच्या लीगमध्ये एकच मोसम, सव्वीस सामने. सव्विसावा सामना संपायला चार मिनिटं असताना गुडघा फिरला. आतली गादी फाटली, ती डॉक्टरांनी काढली आणि सांगितलं की खेळ संपला. वाडकर सात महिन्यांनी पुन्हा खेळला, पण पुन्हा खालीच, दुसऱ्या दर्जाच्या संघात. चार वर्षांनी तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

“दोनदा संपवलं मला,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा मला विचारलं नाही कुणी.”

शिवदासला हा माणूस आवडला. अल मौजचं मैदान म्हणजे दाबून बसवलेली वाळू, त्यावर पडलं की कातडं सोलून निघायचं. वाडकर तिथं दोन मोसम असा खेळला की लोक सरावाच्या दिवशीसुद्धा बघायला यायचे. दर रात्री झोपण्याआधी गुडघ्यावर बर्फ आणि दर संध्याकाळी शिवदासचे हात, एवढ्यावर तो गुडघा चालत होता.

एक्याऐंशीच्या मार्चमध्ये कपची सेमीफायनल आली. त्याआधीच्या मंगळवारी सरावात कुणाचा तरी पाय लागला आणि डावा गुडघा सुजला. गुरुवारपर्यंत वाटी दिसेनाशी झाली. शुक्रवारी दुपारी क्लबच्या डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं, एक इंजेक्शन दिलं आणि ते बाहेर गेले. खोलीत सगळा संघ कपडे बदलत होता. हाशिम दारात उभा होता.

“उस्ताद, घट्ट बांध,” तो म्हणाला. “नव्वद मिनिटं टिकली पाहिजे पट्टी.”

शिवदासनं गुडघ्यावर हात ठेवला. पाणी काढूनही आत गरम होतं, आणि वाकवताना अंगठ्याखाली काहीतरी सरकत होतं. त्यानं पट्टीची गुंडाळी बाकावर ठेवली.

“मी नाही बांधणार.”

आधी कुणाला कळलंच नाही. हाशिमनं पुन्हा सांगितलं. शिवदासनं पुन्हा तेच सांगितलं. मग वाडकरच तडकला. “गुडघा माझा आहे. खेळायचं की नाही ते मी ठरवीन. तू बांध.”

“गुडघा तुझा,” शिवदास म्हणाला. “बांधणारे हात माझे हायत. ते न्हाई बांधणार.”

त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी पेठेच्या संघाच्या फायनलला त्यानं आपल्या धाकट्या भावाचा, विलासचा, असाच सुजलेला गुडघा बांधून दिला होता. विलास संघाचा हाफ होता, एकवीस वर्षांचा. बांध म्हणाला होता तोच. वस्तादांनीही सांगितलं होतं, सगळी पेठ बाहेर वाट बघत होती. शिवदासनं बांधला, चांगला घट्ट बांधला. विलास अर्धा तास खेळला आणि नंतर आयुष्यभर पाय ओढत चालला. पेठेनं शिवदासला कधी दोष दिला नाही, विलासनंही दिला नाही. शिवदास मात्र त्यानंतर तालमीत फार दिवस राहू शकला नव्हता.

वाडकरनं पट्टी उचलली आणि स्वतःच बांधली. बांधताना तो शिवदासकडे बघतही नव्हता. मैदानात गेला आणि खेळला. पूर्ण नव्वद मिनिटं खेळला, पहिला गोल त्याच्याच पासवर झाला, अल मौज दोन-शून्यनं जिंकलं. गुडघ्याला काहीही झालं नाही. परत आल्यावर पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. हाशिम शिवदासजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, “खलास. उद्यापासून येऊ नकोस.”

शिवदासनं तेलाच्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि सगळ्यांच्या देखत ताठ मानेनं बाहेर पडला. बसमध्ये बसल्यावर मात्र त्याला वाटलं, आपलंच चुकलं की काय. गुडघा तर टिकला.

त्यानं ही हकिकत घरी कळवली. महिन्याभरानं रखमाचं, त्याच्या बायकोचं उत्तर आलं. “तुमी त्या गोऱ्याच्या गुडघ्यापायी क्लबचं काम घालवलंसा. भावजींचं बघून तसं झालं आसंल, ते मला समजतंय. पर साहेबासंगं भांडायचं हुतं तर उभ्याउभ्या भांडून निघून यायचं न्हाई. बसून भांडायचं. बसलेल्या माणसाला उठवायला लई वेळ लागतोय.”

हे पत्र येईपर्यंत इकडं गोष्टी बदलल्या होत्या. फायनल अल मौज हरलं. त्यानंतर दहा दिवसांनी वाडकर झिंज भागातल्या आपल्या फ्लॅटखाली गाडीतून उतरत होता. धावत नव्हता, वळत नव्हता, नुसता उतरत होता. डावा गुडघा अर्धा वाकलेला होता तो तसाच अडकला. ना सरळ होईना ना वाकेना. शेजाऱ्यांनी उचलून वर नेलं. हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी भूल देऊन पाय मोकळा केला आणि स्पष्ट सांगितलं, चालाल, जिना चढाल, गाडी चालवाल, फुटबॉल विसरा. क्लबनं करार संपवला. जर्मनीचं तिकीट घरी पोचतं केलं.

चौथ्या दिवशी नझीरच्या गॅरेजसमोर टॅक्सी थांबली. कुबडी टेकत वाडकर आत आला. शिवदास एका व्हॅनच्या दाराशी बसला होता. त्यानं हातोडा खाली ठेवला नाही.

“तुझं खरं निघालं,” वाडकर म्हणाला.

“मला नको होतं खरं निघायला.”

“मी माफी मागायला आलेलो नाही.”

“मी तरी कुठं मागितली?” शिवदास म्हणाला. “बस. पाय इकडं कर.”

त्यानं ग्रीस पुसून हात धुतले आणि गुडघा धरला. मग सुतळी घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. डावी मांडी तीन बोटं बारीक भरली. गुडघ्याच्या आत जे नाही ते आणता येणार नाही, हे शिवदासला ठाऊक होतं. पण भोवतीचं मांस उभं करता येतं. पैलवानाचा खांदा निखळला तर तालमीत तेच करतात. सांध्याला सांभाळणारं मांस इतकं मजबूत करायचं की सांध्यावर भार पडू नये.

“किती दिवस?” वाडकरनं विचारलं.

“वर्ष. जास्तच.”

“तीन आठवड्यांत माझा व्हिसा संपतो.”

नझीर बाजूला उभा राहून सगळं ऐकत होता. नझीर मूळचा बहरीनमधल्याच मुहर्रकचा, बोलायला कमी, कामाला वाघ. जर्मन गाड्या त्याच्याकडे यायच्या आणि त्यांच्या इंजिनांपुढं त्याचे मिस्त्री हात टेकायचे. त्यानं विचारलं, “तू फुटबॉलच्या आधी काय करायचास?”

“फिटर होतो. खाणीत.”

“मग माझ्याकडं ये. व्हिसा मी काढतो. पण क्लबनं रिलीज दिलं पाहिजे.”

कामाचा मालक बदलायचा तर जुन्या मालकाची सही लागायची, आणि ती सही हाशिमची होती. वाडकर स्वतः गेला असता तर हाशिमनं त्याला चहा पाजून विमानतळाचा रस्ता दाखवला असता. तेव्हा शिवदास म्हणाला, मी जातो. रखमाचं पत्र नेमकं त्याच आठवड्यात आलेलं होतं.

दुपारी चारला दुकान उघडलं तेव्हा तो दारातच होता. हाशिम मुंबईहून कापड आणायचा, त्यामुळं हिंदी झकास बोलायचा.

“काय काम?”

“वाइडनरचं रिलीज पाहिजे.” नाव त्यानं वाटेत पाठ केलं होतं.

“तुझा काय संबंध? तुला मी काढून टाकलंय.”

“म्हणून तर आलोय. कामावर असतो तर भ्यालो असतो.”

हाशिमनं त्याला जायला सांगितलं. शिवदास गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसला. दुकान बंद होईपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा बसला. बायका कापड बघायला येत, हा उठून त्यांना स्टूल देई, त्या गेल्या की पुन्हा बसे. हाशिमनं आवाज चढवला. “पोलिसांना एक फोन केला तर उद्याच्या विमानात बसशील.”

“बसवा की. विमानात बसवाल तोवर हितं बसतो.”

तो बोलला खरा. घरी दोन मुली शाळेत होत्या, आणि हाशिमला एक फोन पुरेसा होता हे खोटं नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशीही तो गेला. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हाशिम गल्ल्यामागून उठला, त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मला माहीत होतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की हा खेळू नये. त्याला बसवला असता तर कमिटीनं मला घालवला असता.”

“कमिटीचं मला कळत नाही, साहेब. आता सही करायला कमिटी आडवी येतीय काय?”

हाशिम गल्ल्यामागं गेला. त्यानं खणातून क्लबचा शिक्का काढला.

मे महिन्यात योखेन वाइडनर निळा डगला घालून नझीरच्या गॅरेजात कामाला लागला. बातमी फुटल्यावर रिफा आणि मुहर्रकहून माणसं गाडीत काहीही बिघाड नसताना यायची, नुसतं त्याला गाडीखाली झोपलेला बघायला. काही जण हसायचे. एकजण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, बघा, जर्मनीचा स्टार तेल बदलतोय. वाडकर गाडीखालून बाहेर आला, त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, “तुझा व्हॉल्व्ह चुकीचा बसवलाय. शंभर मैलांत इंजिन जाईल. दुरुस्त करायचं की हसत जायचं?” माणसानं गाडी ठेवली.

रोज कामाआधी एक तास आणि कामानंतर एक तास गुडघ्याचा. सुरुवातीला नुसतं मांडी आवळणं आणि सोडणं. मग पायाला पिशवी बांधून उचलणं. पिशवीत आधी वाळू, नंतर नटबोल्ट. शुक्रवारी सकाळी ओहोटीला दोघं तुबलीच्या खाडीत उतरायचे. पाणी मांडीपर्यंत, खाली चिखल. त्यातून एक टोक ते दुसरं टोक चालायचं, न थांबता. शिवदास पुढं, वाडकर मागं. मालिश करताना शिवदास मराठीत आकडे मोजायचा, ते ऐकून वाडकर शंभरापर्यंत शिकला, फक्त एकोणपन्नासाच्या ऐवजी तो कायम एकोणसाठ म्हणायचा.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पाच महिन्यांनी, मांडी भरत आली होती तेव्हा, वाडकर एका संध्याकाळी शिवदासला न सांगता मैदानावर गेला आणि अर्धा तास पळला. सकाळी गुडघा पुन्हा फुगलेला. शिवदासनं बघितलं, सुतळी खिशात टाकली आणि आठ दिवस त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. एकाच गाडीचं इंजिन एकानं आणि पत्रा दुसऱ्यानं दुरुस्त केला, मधे नझीर निरोप पोचवत राहिला. नवव्या दिवशी वाडकरच गॅरेजातल्या बाकावर येऊन आडवा झाला.

“आकडे मोज,” तो म्हणाला.

“पहिल्यापासून मोजावे लागतील.”

“मोज.”

दीड महिना वाया गेला होता. तो पुन्हा भरून काढला.

ब्याऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये खालच्या डिव्हिजनमधल्या एका छोट्या गावक्लबनं वाडकरला घेतलं. पगार नाही, फक्त बूट आणि जेवण. त्यांचे खेळाडू म्हणजे ड्रायव्हर, कारकून, दोन मच्छीमार. आता तो पूर्वीसारखा पळत नव्हता, पळणं परवडणारं नव्हतं. शिवदासनं त्याला एकदाच सांगितलं होतं, “माझ्या भावासारखं खेळू नको. तो चेंडूमागं पळायचा. तू उभा राहा, चेंडू तुझ्याकडं येऊ दे.” वाडकरनं ते स्वतःच्या पद्धतीनं पक्कं केलं. मधोमध उभा राहायचा, चेंडू यायच्या आधी मान वळवून दोन्हीकडे बघून घ्यायचा आणि एका स्पर्शात असा पुढं द्यायचा की पळणाऱ्याला पाऊल आखडावं लागू नये. पोरं त्याच्याभोवती पळत होती, तो चालत होता, आणि खेळ तोच चालवत होता.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत कपमध्ये त्यांची गाठ अल मौजशी पडली, अल मौजच्याच मैदानावर. सगळ्यांना वाटलं होतं सहा-सात गोल होतील. शिवदास पाण्याची बादली घेऊन बाजूला बसला होता. इथल्याच कपडे बदलायच्या खोलीतून आपण पिशवी भरून निघालो होतो, हे त्याच्या डोक्यात होतं, पण तसं तोंडावर दिसू द्यायचं नाही असं त्यानं घरून निघतानाच ठरवलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात अल मौजनं दोन गोल केले. मग वाडकरनं खेळ हळू केला. इतका हळू की प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागले. शिट्ट्यांना तो बधला नाही. चेंडू आडवा, मागं, पुन्हा आडवा, आणि अचानक मधून सरळ पुढं. त्यावर एका मच्छीमारानं गोल केला. शेवटच्या वीस मिनिटांत अल मौजचे अकराही जण आपल्या गोलपुढं जमून चेंडू लाथाडत होते. गावक्लब सामना दोन-एक असा हरला. वाडकर नव्वद मिनिटं खेळला. गुडघ्यावर पट्टी नव्हती.

हाशिम बाजूला येऊन थांबला होता. आता तो क्लबचा अध्यक्ष झाला होता. “दोघंही परत या,” तो म्हणाला. “वाइडनरला करार देतो. तुला महिन्याचा पगार, उस्ताद. पूर्वीपेक्षा जास्त.”

वाडकरनं बुटाची नाडी सोडता सोडता मान वर केली. “मफी,” तो तिथल्या अरबीत ‘नाही’ म्हणाला, आणि पुन्हा नाडीकडे वळला.

हाशिमनं शिवदासकडे बघितलं. शिवदासला पगाराची गरज नव्हती असं नाही. थोरल्या मुलीचं कॉलेज तोंडावर आलं होतं. तरी तो म्हणाला, “साहेब, रिलीज दिलंत ते मी विसरलेलो नाही. गाडी ठोकली तर या, आधी तुमचंच काम करीन. पर क्लबवर न्हाई यायचा मी.”

त्यानंतर वाडकर आणखी तीन मोसम खेळला. गावक्लब एकदा वरच्या डिव्हिजनमध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी खाली आला. त्याचे केस गेले, दात एक पडला, गुडघा राहिला. दर मोसमाच्या सुरुवातीला कुणीतरी म्हणायचंच की आता पुरे, आणि दर वेळी तो पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानावर असायचा.

शहाऐंशीच्या मेमधला शुक्रवार. मोसमाचा शेवटचा सामना, संघ एका गोलनं पुढं. वीस मिनिटं उरली असताना वाडकरनं हात वर केला आणि बाहेर चालत आला. शिवदास बादली टाकून धावला.

“काय झालं? गुडघा?”

“गुडघा ठीक आहे.”

“मग? अजून वीस मिनिटं हायत.”

“माहीत आहे.” वाडकर बाजूच्या बाकावर बसला. एकोणचाळीस वर्षांचा होता तो. “तीन वेळा दुसऱ्यांनी ठरवलं. आज मी ठरवलं.”

शिवदासला राग आला होता. आणखी एक मोसम निघाला असता असं त्याचे हात सांगत होते, आणि ते त्यानं बोलूनही दाखवलं. वाडकर म्हणाला, “निघाला असता. म्हणूनच आज.” मग दोघं उरलेली वीस मिनिटं शेजारी बसून सामना बघत राहिले. संघानं तो एका गोलनं जिंकला.

शनिवारी सकाळी सात वाजता नझीरनं गॅरेजचं शटर वर ओढलं. एक जर्मन गाडी पुढून चेपून आली होती, इंजिनही हललं होतं. वाडकर डगला चढवून तिच्याखाली सरकला. शिवदासनं बॉनेटच्या आत हात घातला आणि पत्रा चाचपायला सुरुवात केली.